जुन्या हॉटेलात सवलतीत राहायचंय? आधी खोली बघा, मग पैसे द्या

लग्नसराई लागली की आमच्या इंदूरच्या घरी फोन सुरू होतात. "अगं, स्टेशनजवळ एक हॉटेल मिळालंय, निम्म्या भावात. घेऊन टाकू ना?" मी काही बोलेपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

मागे एका मुंजीला ठाण्याची आत्या अशीच तीन रात्रींचे पैसे आगाऊ भरून आली. खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची डक्टमध्ये, आणि डक्टच्या तळाशी हॉटेलचं स्वयंपाकघर. पहाटे पाचला कढई चढायची आणि कचोरीच्या तेलाचा वास थेट आत्याच्या उशीशी. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मैडम, पैसा तो ऐप में चला गया." त्याच हॉटेलात, त्याच मजल्यावर, पुढच्या बाजूच्या खोलीत आमचे दुसरे पाहुणे मजेत घोरत होते.

नव्या हॉटेलच्या खोल्या एका साच्यातून काढलेल्या असतात. जुन्या हॉटेलचं तसं नसतं. तीस-चाळीस वर्षांत कुणी गॅलरी बंद करून बाथरूम काढलेलं असतं, कुणी एका खोलीच्या दोन केलेल्या असतात, कुठे फक्त दुसऱ्याच मजल्याची फरशी बदललेली असते. त्यामुळे सवलत हॉटेलवर मिळते असं समजूच नका, ती खोलीवर मिळते. आणि कुणी न बघता पैसे भरले की जी खोली बघून कुणी घेत नाही, ती त्याच्या वाट्याला जाते. खालचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेकांचं गणित चुकतं ते टप्पे माहीत नसतात म्हणून नाही, पाचवा आणि सातवा उलटा करतात म्हणून.

टप्पा १ : तारीख तपासा

काही दिवशी इंदुरात सवलत मागणंच व्यर्थ. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, महाशिवरात्र, आणि श्रावणातले सोमवार, कारण उज्जैनला जागा मिळाली नाही की महाकालाचे भक्त पंचावन्न किलोमीटर अलीकडे इंदुरात मुक्काम करतात. देवउठनी (कार्तिकी) एकादशीनंतरचे लग्नाचे मुहूर्त तर आहेतच. एक गोष्ट बाहेरगावच्यांच्या लक्षात येत नाही: राज्याच्या लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरात आहे आणि शहरात स्पर्धा परीक्षांचे क्लास ढिगाने आहेत. मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री स्वस्त खोल्या सगळ्यात आधी भरतात.

उलट पितृपक्षात आणि धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, लग्नं नसतात. नाताळ-नववर्षाचा आठवडा सोडला तर तेव्हा भाव बोलता येतो.

टप्पा २ : भाग ठरवा, हॉटेल नंतर

स्टेशन, सरवटे बसस्टँड आणि छोटी ग्वालटोलीचा पट्टा रात्री उशिरा उतरणाऱ्यांना किंवा पहाटे निघणाऱ्यांना बरा. रस्ता मात्र झोपत नाही. राजवाड्याजवळ राहिलात तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकराला भुट्ट्याचा कीस खाऊन चालत परत येता येतं, पण गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत जाईलच असं नाही, आणि सणाला रस्ते बंद होतात. आईवडील सोबत असतील, सामान जास्त असेल तर साउथ तुकोगंज किंवा आरएनटी मार्गाच्या बाजूची जुनी हॉटेलं बघा. स्टेशन फार लांब नाही आणि खोल्या बऱ्याचदा ऐसपैस असतात.

*तपासा:* नकाशावर हॉटेल सापडलं की नाव आणि रस्ता दोन्ही जुळवा. जुनी हॉटेलं बुकिंगच्या अॅपवाल्या कंपनीशी करार करून नाव बदलतात, करार सुटला की पुन्हा जुनं नाव लावतात. अॅपवर एक नाव, पाटीवर दुसरं, आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरंच. फोनवर विचारून घ्या: "बोर्ड पे क्या नाम लिखा है?"

टप्पा ३ : दोन भाव काढा, पण एकूण आकड्यात

अॅपवरचा भाव बघा आणि मग थेट हॉटेलला फोन करा. अॅपला हॉटेल कमिशन देतं, त्यामुळे थेट येणाऱ्याला तोच भाव, कधी थोडा कमीही, देणं मालकाला परवडतं. फक्त मॅनेजरशी बोला. रात्रपाळीच्या मुलाला भाव कमी करायचा अधिकार नसतो. दुपारी बारा ते चार ही वेळ चांगली, सकाळची निघणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते "एका दिवसाचा भाव" या शब्दांत. दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

जुन्या हॉटेलात दोन पद्धती असतात. एक, दुपारी बाराचा चेकआउट. दुसरी, चोवीस तासांची: तुम्ही ज्या वेळी आलात त्या वेळेपर्यंत एक दिवस. समजा तुम्ही मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून शुक्रवारी सकाळी नऊला हॉटेलात पोचलात आणि परतीच्या गाडीसाठी रविवारी दुपारी चारला निघणार आहात. चोवीस तासांच्या हॉटेलात रविवारी नऊला दोन दिवस पूर्ण, वर सात तास. बाराच्या हॉटेलात शुक्रवारी तुम्ही तीन तास आधी आलात आणि रविवारी चार तास जास्त थांबलात. येताना आणि जाताना, दोन्ही वेळा अर्ध्या दिवसाचे पैसे लावले तर दोन दिवसांचं बिल तीन दिवसांचं झालं. सवलत तिथेच गेली.

म्हणून भाव विचारूच नका. असं विचारा: "शुक्रवार सुबह नौ बजे आएँगे, रविवार शाम चार बजे निकलेंगे, तीन लोग, एक कमरा. सब मिलाकर कितना?" आकडा आला की त्यात काय धरलंय ते पक्कं करा. तिसऱ्या माणसाची गादी धरली का? नाश्ता आहे का? जीएसटी आत आहे की वर? एसी लावला तर वेगळे पैसे आहेत का? (हिवाळ्यात "नॉन-एसी दर" देऊन फक्त रिमोट काढून घेणारी हॉटेलं आहेत. हिवाळ्यात ते चालतं, एप्रिलात नाही.)

जीएसटीचं साधं गणित असं: २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के कर आहे. पूर्वी १२ टक्के होता. आणि तो लागतो तुम्ही खरोखर मोजता त्या भाड्यावर, दारामागच्या मळकट दरपत्रकावर नाही. १,६०० ची खोली १,२०० ला ठरली तर कर १,२०० वर, म्हणजे ६० रुपये.

*सावधान:* फोन नंबर शोधताना पहिला दिसला तो लावू नका. हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. "अभी पूरा पेमेंट करो तो चालीस परसेंट छूट" असं कुणी घाईघाईने म्हणालं, किंवा यूपीआयवर हॉटेलऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं, तर थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.

टप्पा ४ : ठरलं ते लिहून घ्या

फोनवरचा मॅनेजर आणि काउंटरवरचा मॅनेजर एकच असेल असं नाही. फोन ठेवल्यावर हॉटेलच्या नंबरवर चार ओळींचा मेसेज टाका: तारखा आणि वेळा, माणसं, एकूण आकडा, "कमरा देखकर पेमेंट". समोरून नुसतं "ओके" आलं तरी पुरे.

अॅपवरूनच करायचं असेल तर हॉटेलवर पैसे देण्याचा पर्याय घ्या, भले पन्नास-शंभर जास्त पडोत. आणि बुकिंग झाल्याबरोबर हॉटेलला फोन करून नंबर सांगा. पुष्कळ जुन्या हॉटेलांचा अॅपवाल्यांशी हिशेबाचा वाद चालू असतो आणि तुम्ही पोचल्यावर ते सरळ म्हणतात, "उनकी बुकिंग हम नहीं लेते." हे रात्री साडेअकराला सामान घेऊन ऐकण्यापेक्षा आदल्या दिवशी घरात बसून ऐकलेलं बरं.

आगाऊ मागितलेच तर एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका.

टप्पा ५ : काउंटरवर पेन हातात घेऊ नका

मोठं रजिस्टर तुमच्यापुढे सरकवतील, त्यावर दोरीला बांधलेलं पेन असेल. आपण मराठी माणसं सरळ. पेन दिसलं की नाव लिहायला लागतो. लिहू नका. हसत म्हणा, "भैया, पहले कमरा दिखा दो," आणि सामानापाशी एकाला ठेवून एकजण वर जा. वयस्कर माणसाला बसवा, तरुणाला पाठवा. जिने चढायचे असतात, आणि जुनी लिफ्ट नेमकी त्याच वेळी बंद असते.

एक खोली बघून होय म्हणू नका. दोन तरी मागा, शक्यतो वेगळ्या मजल्यांवरच्या. पहिली दाखवतात ती त्यांना खपवायची असते. हे वाईट मनाने करत नाहीत, धंदाच तसा आहे.

टप्पा ६ : खोली बघायची सात मिनिटं

सोबतचा मुलगा दारात उभा राहून घाई करेल. करू द्या.

आत शिरल्याबरोबर सगळ्यात आधी गीझर लावा. पंखा, टीव्ही, खिडकी सगळं नंतर. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर धड असेल तर अंघोळीजोगं पाणी व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा तुम्ही निघाल तोवर पाणी निदान कोमट झालेलं असलं पाहिजे. इंदुरात नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण हॉटेलची गरज त्यावर भागत नाही आणि टाकीत बोरिंगचं पाणी चढतं. ते जड. त्याचे क्षार गीझरच्या कॉइलवर थरावर थर चढवतात आणि दिवा लागलेला दिसतो पण पाणी तापत नाही. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आत पांढरी पुटं जाड दिसली तर गीझरबद्दल शंका घ्याच. काही ठिकाणी गीझर नसतोच, ठरलेल्या वेळेलाच गरम पाणी सोडतात. ती वेळ विचारा. लग्नाला सातला निघायचं आणि पाणी आठला, असं व्हायला नको.

मग गादी. डोक्याकडच्या कोपऱ्यातली चादर उचला, मोबाइलचा टॉर्च लावा आणि गादीच्या शिवणीवरून, पायपिंगच्या घडीतून हळू फिरवा. नंतर पलंगाच्या डोक्याकडच्या फळीच्या मागे आणि भिंतीच्या भेगेत. मोहरीहून बारीक काळे ठिपके ओळीने दिसले, ओल्या कागदाने पुसल्यावर तांबूस-तपकिरी डाग उतरला, की ती ढेकणांची विष्ठा. दुसरी खोली मागू नका, दुसरं हॉटेल बघा. ढेकूण भिंतीतून, वायरच्या पाइपातून शेजारच्या खोलीत जातात. हे बघून होईपर्यंत सामान पलंगावर किंवा गालिच्यावर ठेवायचं नाही, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवायचं. हसाल, पण एकदा घरी घेऊन गेलेल्याला विचारा.

खिडकी उघडा. नुसतं पडद्यामागे डोकावू नका, उघडा. रस्त्यावर उघडते, डक्टमध्ये, की शेजारच्या भिंतीवर? रस्त्याकडची असेल तर समोर मॅरेज गार्डन किंवा बँडवाल्याचं दुकान आहे का बघा. डक्टची असेल तर नाक लावा.

आता भिंतीला हात. उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातलाही तापलेली असते, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो. माळव्याच्या रात्री गार, हे खरं, पण त्या गच्चीवर. मार्च ते जून वरचा मजला घेऊ नका, मधला घ्या. कूलरची खोली मिळाली तर नाक मुरडू नका, इथली हवा तेव्हा कोरडी असते आणि कूलर छान चालतो. जुलै-ऑगस्टात मात्र तोच कूलर नुसती ओल आणतो. पावसाळ्यात कपाट उघडून वास घ्या, आणि छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग आहेत का ते बघा.

एसी लावून दोन मिनिटं थांबा. घरघरला तरी हरकत नाही, पण त्याबरोबर दिवे मंद झाले तर वायरिंग थकलेलं आहे. अशा खोलीत एसी चालू ठेवून इस्त्री लावायची नाही. पाणी तापवायचा रॉड तर कुठेच नाही.

शेवटी फ्लश, नळाची धार आणि दाराची कडी. कडी आतून लावून दार ओढून बघा. जुन्या दारांना आतून कडी असते पण चौकटीतलं भोक झिजलेलं असतं.

रंग उडालेला, टाइल्स गुलाबी, टीव्हीचा रिमोट टेपने बांधलेला, याला काही अर्थ नाही. सवलत त्याचीच आहे. झोप, पाणी, दार आणि ढेकूण, या चार गोष्टींत तडजोड नको, बाकी सगळं सोडून द्या.

*तपासा:* खोली पसंत पडली की तिथेच उभं राहून मुलाला नंबर विचारा आणि खाली जाऊन तोच नंबर सांगा. "दो सौ सात पसंद है." नाहीतर खाली येईपर्यंत "वैसा ही दूसरा" होतं.

टप्पा ७ : आता रजिस्टर, ओळखपत्र, पैसे

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं. आधार द्यायचंच तर मास्क केलेलं द्या, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावरून घरीच उतरवून प्रिंट घेऊन ठेवा, काउंटरवर धावपळ नको. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. पॅन कार्ड बहुधा नाकारतात, त्यावर पत्ता नसतो. प्रतीवर आडवं लिहा: "केवळ हॉटेल मुक्कामासाठी" आणि तारीख. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून जायचं नाही, कितीही म्हणाले तरी.

रजिस्टरमध्ये येण्याची वेळ स्वतः लिहा. चोवीस तासांच्या हॉटेलात हाच तुमचा पुरावा. ते अर्धा तास मागची वेळ टाकतात, तुम्ही घड्याळातली टाका. जाण्याची ठरलेली वेळही शेजारी लिहून घ्या. मग पैसे: एका रात्रीचे द्या, पावती घ्या, बाकीचे रोज. सगळे आज दिले की उद्या पाणी गेल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

टप्पा ८ : झोपण्याआधी

बाहेर पडायचा दुसरा जिना शोधा आणि तो खालपर्यंत उतरून बघा. जुन्या हॉटेलात मागचा जिना असतो, पण त्यावर सतरंज्या, गाद्या रचलेल्या असतात किंवा खाली जाळीच्या दाराला कुलूप असतं. कुलूप दिसलं तर किल्ली कुणाकडे ते काउंटरला विचारा. खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा, धुरात दिसत नाही, हाताने चाचपडावं लागतं. खिडकीला पक्की जाळी असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

टप्पा ९ : बिघडलं तर

पहिल्या तासात सांगा, आणि फोनवरून नाही, खाली जाऊन. तक्रार एकच ठेवा आणि सोबत मागणीही. "कमरा खराब है" म्हणून भांडलात तर सॉरी मिळेल. "दो सौ सात का गीज़र पानी गरम नहीं कर रहा, दूसरे माले पर कमरा बदल दो" म्हटलंत तर खोली मिळेल. आवाज चढवायची गरज पडत नाही. इंदुरी माणूस गोड बोलण्याला भुलतो, आणि "भिया" (इथला "भैया") म्हटलं की अर्धं काम झालं. फोटो मात्र काढून ठेवा. काहीच हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. काउंटरसमोर उभं राहून हा नंबर नुसता विचारला तरी कधी कधी किल्ली बदलते.

टप्पा १० : बिल

निघण्याच्या आदल्या रात्री बिल काढायला सांगा. सकाळी रिक्षा दारात उभी असताना कुणी आकडे वाचत नाही.

टप्पा ४ चा मेसेज उघडून ओळ-ओळ जुळवा. जीएसटी लावला असेल तर बिलावर हॉटेलचा जीएसटी नंबर छापलेला हवा. नंबर नाही आणि कर घेतलाय, तर विचारा कोणत्या खात्यात जातोय. जेवणाच्या बिलात सेवा शुल्क आपोआप जोडलं असेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते सक्तीने घेता येत नाही. खोली दाखवणाऱ्या, पहाटे चहा देणाऱ्या मुलाच्या हातात वेगळे पन्नास ठेवा, ते त्याचे त्याला मिळतात.

किल्ली देण्याआधी खोलीचा नंबर मोबाइलमध्ये हॉटेलच्या नावापुढे लिहून ठेवा, मजला आणि खिडकीची बाजूसुद्धा. पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा भावाचं नंतर काढा. पहिलं वाक्य हे: "दो सौ सात खाली है क्या?"